कमरेत आवळलेलं मैदान

"दिघे, हे काय आहे?" कारभारी खासनीसांनी हातातली छडी जमिनीकडे रोखत विचारलं.

समोर राजवाड्यामागचं टेनिसचं मैदान होतं. हौसाबाईनं चार दिवस खपून ते शेणमातीनं सारवलं होतं आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं ताज्या रेघा ओढल्या होत्या. फक्त त्या रेघा सरळ नव्हत्या. दोन्ही टोकांना मैदान चांगलं ऐसपैस होतं, आणि मधे जाळीपाशी येईस्तोवर दोन्ही बाजूंनी आत आलं होतं. कमरेला करकचून शेला आवळावा तसं. जाळीसुद्धा नेहमीपेक्षा वर, थेट माझ्या छातीला लागत होती.

"मैदान आहे," मी म्हणालो.

"ते मलाही दिसतंय. मोतीबिंदू झालेला नाही अजून. असं का आहे?"

"ऑल्डरिजसाहेबांनी स्वतः आखलं. दोरी त्यांनीच धरली होती."

"म्हणजे ज्यानं टेनिसवर पुस्तक लिहिलं, त्याला टेनिसचं मैदान कसं असतं ते ठाऊक नाही?"

कालपासून मीही हाच प्रश्न स्वतःला विचारत होतो.

पहिल्या महायुद्धाला अजून दोन वर्षं अवकाश होता. मी तेवीस वर्षांचा, मणेरगड संस्थानच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. आमचे बाबासाहेब महाराज जेमतेम विशीचे आणि टेनिसवेडे. शिकारीचा नाद असता तर निदान जंगलातली डुकरं तरी कमी झाली असती, असं कारभारी खासगीत म्हणत. महाराजांच्या उशाशी एक पुस्तक कायम असायचं. विलायतेत हा खेळ नुकता रांगत होता तेव्हापासून जे चारदोन लोक त्याच्या मागे लागले, नियम ठरवायला समितीत बसले, त्यांतल्या एकानं लिहिलेलं. लेखक टॉमस ऑल्डरिज. हे गृहस्थ बेळगावच्या छावणीत पुतणीकडे हिवाळ्यापुरते आले आहेत, ही बातमी मीच महाराजांच्या कानावर घातली. आमंत्रणाचं पत्र मीच लिहिलं. साहेबांना टांग्यातून हात देऊन उतरवलं तेही मीच. तेव्हा आता काही विपरीत घडलं तर कुणाचं नाक कापलं जाणार, हे वेगळं सांगायला नको.

"शनिवारी पोलिटिकल एजंटसाहेब मडमेला घेऊन येताहेत," कारभारी आवाज खाली आणून म्हणाले. "महाराजांना पुढल्या साली पुरते अधिकार मिळायचेत, तेही एजंटसाहेबांच्याच शिफारशीनं. त्यांच्यासमोर आपण हे दाखवायचं? आणि शेजारी उभं करून सांगायचं, हे टेनिसचे मोठे जाणकार? दिघे, हा माणूस तोच आहे कशावरून?"

"साहेब, असं काय बोलता?"

"गोरा दिसला की आपण खुर्ची देतो. तोतये त्यांच्यातही असतात. आज मंगळवार. गुरुवारी सकाळी टपालाचा टांगा बेळगावला जातो. तोवर मला पक्कं सांगा. खोटा निघाला तर त्याच टांग्यातून रवाना. मग तुमचं काय करायचं ते बघू."

मी बगलेत पुस्तक मारून ऑल्डरिजसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात पाय स्टुलावर टाकून बसले होते. सत्तरीला टेकलेला, उंच, किडकिडीत माणूस. उजवा गुडघा सुजला होता आणि त्यावर हौसाबाईनं दिलेला कसलासा पाला बांधला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यांचं बरं जमत होतं.

"मैदान कसं वाटलं?" साहेबांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. पाहुण्याला, त्यातून एवढ्या वडीलधाऱ्याला, तुमचं चुकलं असं तोंडावर सांगायची आमच्याकडे रीत नाही. मी आडवळणानं गेलो. "साहेब, शंका होती. गुण मोजताना पंधरा, तीस, चाळीस असंच मोजायचं ना?"

"शुक्रवारी नाही. शुक्रवारी एक, दोन, तीन, असं पंधरापर्यंत. आणि ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी पाच वाजता तुम्ही आणि मी एक डाव खेळणार आहोत. मी ठरवून टाकलंय. तोवर सारवण नीट वाळू दे, माझा गुडघाही जरा वळू दे. त्याआधी त्या मैदानावर कुणी पाय ठेवायचा नाही."

माझं डोकं चालेना. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, पंधरा, तीस, चाळीस. मी पान एकोणीस काढलं आणि उच्चार तपासून घेण्याच्या मिषानं मोठ्यानं वाचू लागलो. मैदान लांबीला अठ्ठ्याहत्तर फूट, रुंदीला सत्तावीस, चारही कोपरे काटकोनात, आणि याखेरीज दुसरा कोणताही आकार विचारात घेण्याच्या लायकीचा नाही.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "हा गृहस्थ फार खात्रीनं बोलतो, नाही का?"

"साहेब, हे तुम्हीच लिहिलंय."

"हो का?" ते म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.

परत येताना वाटेत ड्रॉइंगमास्तर बागवान भेटले. या माणसापाशी मी मन मोकळं करत असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही जुळते का?"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाच्या सहीचा ठसा छापलेला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या वाचनालयासाठी म्हणून कागदावर साहेबांची सही मागितली. त्यांनी ती झटक्यात करून दिली. बागवानांनी भिंग लावून दोन्ही सह्या पाहिल्या. शेवटच्या अक्षराचं शेपूटसुद्धा तसंच वळलेलं होतं.

"माणूस खरा आहे," बागवान म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं की मी धावतच कारभाऱ्यांकडे गेलो. कारभाऱ्यांनी सही पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग भ्रमिष्ट झालाय."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण ऐकल्याबरोबर पटलं. स्वतःचं पुस्तक ओळखत नाही, गुण भलतेच मोजतो, मैदानाला कंबर काढतो. आणखी काय पुरावा हवा? माझ्या आजोबांचं शेवटी असंच झालं होतं. ते माझ्या वडिलांना वडिलांच्या काकांच्या नावानं हाक मारत. आम्ही कुणी दुरुस्त करत नसू.

"एजंटसाहेब हसतील," कारभारी म्हणाले. "त्या म्हाताऱ्यालाही हसतील आणि आम्हांलाही. उद्याच्या टांग्यानं पाठवून द्या. तब्येतीचं कारण सांगू."

का कोण जाणे, मला भडभडून आलं. ज्या माणसानं आयुष्य या खेळाला दिलं, त्याला अडगळीसारखं टांग्यात घालून परत धाडायचं? मी कधी नव्हे ते कारभाऱ्यांसमोर आवाज चढवला. "साहेब, मैदानच तेवढं चुकलंय ना? ते मी दुरुस्त करतो. त्यांच्याच पुस्तकाप्रमाणे. त्यांच्या लक्षातही यायचं नाही. शनिवारी त्यांना नुसतं खुर्चीत बसवू, हार घालू. त्यांचा मान राहील आणि आपलाही."

कारभाऱ्यांनी छडीची मूठ चोळली. "त्यांना कळलं तर दुखावतील."

"मी सांभाळून घेईन."

"त्या कंबरेची खूणसुद्धा राहता कामा नये. पुरतं सारवून काढा."

शुक्रवारी दुपारी साहेब जेवून झोपले तसे आम्ही कामाला लागलो. मी, बागवान आणि हौसाबाई. हौसाबाई पन्नाशीची, राजवाड्याचं सगळं सारवण तिच्याकडे. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"मास्तर, सायबाला इचारलासा का?"

"त्यांना कशाला त्रास?"

"त्रास कसला? त्यांनी सोता दोरी धरली व्हती. दोन येळा मोजून मंग मला फक्की टाकाय लावली. लई बेतानं काम केलं. येडं मानूस आसं काम करत न्हाई."

"हौसाबाई, तुला नाही कळायचं. पुस्तकात वेगळं आहे."

"पुस्तक कुनी लिवलंय?"

"साहेबांनीच."

"मंग त्यास्नीच इचारा की!"

मी तिला गप्प केलं. आज सांगतानाही लाज वाटते, पण केलं. ती पुटपुटत खाली बसली आणि हात फिरवू लागली. तासाभरात ती सगळी वळणं शेणाखाली गेली. मग आम्ही फळ्या टाकून, त्यांवर उभं राहून पुस्तकातल्या मापानं फीत लावली. बागवान पहिला कोपरा काढायला वाकले आणि तसेच थांबले.

"दिघे, इथं खुंटी आहे."

मातीच्या बरोबरीनं ठोकलेली बोटभर लाकडी खुंटी होती. फितीचं टोक बरोबर तिच्या डोक्यावर येत होतं. आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात गेलो, तिथंही खुंटी. चारही कोपऱ्यांत, लांबी अठ्ठ्याहत्तर, रुंदी सत्तावीस, इंचाचा फरक नाही.

"त्या सायबानंच ठोकल्यात," हौसाबाई म्हणाली. "सोमवारीच. आदी खुट्ट्या मारल्या, मंग त्यो दुसरा आकार काडला."

बागवान माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी थांबायला हवं होतं. पण माणसानं एकदा कुणाला वेडं ठरवलं की त्याच्या शहाणपणाचाही तो तसाच अर्थ लावतो. मी म्हटलं, "आधी बरोबर मोजलं असेल. मग मधेच डोक्यात गोंधळ झाला असेल. बिचारे!" आणि आम्ही त्या खुंट्यांवरूनच दोरी ताणली. जाळी खाली घेतली. चार वाजेपर्यंत पान एकोणीसचं मैदान तयार झालं.

बरोबर पाच वाजता साहेब आले. पांढरी विजार, पांढरा सदरा आणि हातात एक जुनाट, जरा तिरक्या डोक्याची रॅकेट. गुडघ्यावरचा पाला काढून त्यांनी पट्टी बांधली होती. भांग काढला होता. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मैदानाच्या कडेला येऊन ते उभे राहिले.

मला आपल्या कामाचा अभिमान आवरेना. "साहेब, सगळं तुमच्या पुस्तकाप्रमाणे केलंय. पान एकोणीस."

"हो," ते म्हणाले. "दिसतंय."

रॅकेटच्या टोकानं त्यांनी कोपऱ्याकडे दाखवलं. मग विचारलं, "खुंट्या सापडल्या?"

"सापडल्या."

"त्या उद्यासाठी होत्या. उद्या पहाटे उठून मी आणि ही बाई मिळून रेघा बदलणार होतो. नुसती फक्की झाडायची आणि खुंट्यांवरून नवी ओढायची. तुमच्या पाहुण्यांना काही कळलंही नसतं."

मी हौसाबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"मग आत्ता पुन्हा आखू, साहेब. आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी बोट सारवणाला लावून बघितलं. बोट ओलं झालं. "यावर आज पाय पडला तर उद्याचं मैदान गेलं." उद्या दिवसभर सामने, संध्याकाळी दरबार आणि रविवारी पहाटे त्यांचा टांगा. मंगळवारी मुंबईहून बोट सुटायची होती.

ते कडेच्या बाकावर बसले. मी उभाच राहिलो.

"साहेब, तुम्ही आम्हांला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते. मग हळूहळू, मधे मधे थांबत, त्यांनी उरलेलं सांगितलं.

"तो आकार नेड क्रॉफ्टचा. माझा मित्र. आम्ही दोघांनी एकाच उन्हाळ्यात हा खेळ सुरू केला. त्यानं त्याच्या हिरवळीवर तसा आखला, मी माझ्या हिरवळीवर असा. पुढे समिती बसली. माझ्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्याच्या आकारावर एक पान होतं. थट्टेचं. ते पान फार गाजलं. क्लबात लोक नेडच्या तोंडावर ते पाठ म्हणून दाखवत. तो यायचा बंद झाला. मी त्याच्याकडे गेलो नाही. पुढच्या आवृत्तीतून ते पान काढलं, पण तोवर तो वारला होता."

मला माझ्या हातातल्या पुस्तकाची आठवण झाली. ते पाचव्या आवृत्तीचं होतं.

"खेळ खरंच इतका वाईट होता का?" मी विचारलं.

"तेच तर मला माहीत नाही. मी त्या मैदानावर कधी खेळलोच नाही. लांबून पाहिलं आणि लिहिलं." त्यांनी रॅकेट बाकावर ठेवली. "तिकडे आखलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं असतं आणि नेडला लोक पुन्हा हसले असते. मला वाटलं, इथं कुणी हसणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "तुम्ही माझं पुस्तक नीट वाचलंय. लेखकाला आणखी काय हवं?" हे ऐकून मला रडू कोसळलं.

शनिवारी सगळं यथासांग पार पडलं. एजंटसाहेबांनी मैदानाची तारीफ केली. महाराज जिंकले. ऑल्डरिजसाहेबांना हार घातला, शाल दिली, आणि ते सगळ्यांशी हसून बोलले. कारभाऱ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. रविवारी टांगा निघताना हौसाबाईनं साहेबांच्या हातात पाल्याची पुरचुंडी दिली. मी काही दिलं नाही. माझ्यापाशी देण्यासारखं काही नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला चैन पडेना. शाळेच्या आवारात मी आणि बागवानांनी आठवून आठवून तो आकार आखला, जाळी छातीइतकी चढवली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ खेळलो. खेळ चांगला निघावा असं मला मनापासून वाटत होतं. पण तो तसा निघाला नाही. जोरात मारलेला चेंडू जाळीतच जायचा, नाही तर अरुंद जागेच्या बाहेर. पळायला वाव नाही, मारायला वाव नाही. बागवान दुसऱ्याच दिवशी कंटाळले होते, माझ्यासाठी म्हणून खेळत राहिले.

आता साहेबांना काय कळवायचं? चांगला आहे म्हणून लिहिलं तर ते हळहळतील, वाईट आहे म्हणून लिहिलं तर कदाचित सुटतील. चार दिवस मी दोन्हीकडून विचार करत होतो. शेवटी ठरवलं की एकदा त्यांच्या वतीनं विचार करून झाला तेवढा पुरे, खरं तेच लिहायचं. लिहिलं, "साहेब, आम्ही दोघं पंधरा दिवस खेळलो. खेळ वाईट आहे. आपण न खेळता लिहिलंत, पण लिहिलंत ते बरोबर होतं."

उत्तर यायला दोन महिने लागले. आज मी पंच्याहत्तरीत आहे, कागद केव्हाच विरला, पण मजकूर तोंडपाठ आहे.

"प्रिय दिघे, खरं लिहिलंत याबद्दल आभारी आहे. तुम्ही दोघं तरुण आणि धडधाकट आहात. आमच्या समितीतही सगळे तसेच होतो. नेडची बायको पायानं अधू होती. ती जाळीपाशी उभी राही, दोन पावलांपलीकडे तिला जाता येत नसे. तेवढ्यासाठी त्यानं तिथलं मैदान अरुंद केलं होतं, आणि कुणी जोरात मारू नये म्हणून जाळी उंच. हे मला त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी तिनं सांगितलं. त्यानं आम्हां कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. आता माझाही गुडघा गेलाय, म्हणून वाटलं होतं की खेळून बघावं. तुमचा, टॉमस ऑल्डरिज."

पत्र घेऊन मी तसाच बागवानांच्या घरी गेलो. ते ओट्यावर रंगांच्या वाट्या धूत बसले होते. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मैदान पुन्हा आखायचंय."

"पुन्हा?" ते म्हणाले. "अहो, पंधरा दिवस खेळून झालं ना आपलं?"

"नाही झालं," मी म्हणालो. "या वेळी जाळीपाशी उभं राहून, दोन पावलांतच खेळायचं."